पाहुण्यांना विचारलेला प्रश्न

आपल्याकडे चांगला वर्ग म्हणजे गप्प वर्ग. पोरं बालवाडीत 'हाताची घडी, तोंडावर बोट' शिकतात आणि बारावीला माझ्यासमोर येईपर्यंत ते बोट काही खाली येत नाही. 'समजलं का?' म्हटलं की अख्खा वर्ग एका सुरात 'हो मॅडम'. समजलेलं शष्प नसतं. या होकाराचा मला भारी राग. म्हणून निलंग्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवताना मी नियमच केला: तास संपायच्या आत कुणीतरी एक प्रश्न विचारायचाच.

एक मुलगी फार सुरेख प्रश्न विचारायची. सुरुवातीला खाली बघून, मग थेट माझ्याकडे बघून. लातूरला नर्सिंगला जायचं हे तिनं पक्कं केलं होतं. माझा तिच्यावर फार जीव होता.

दिवाळीत तिला बघायला पाहुणे आले. अठरा पूर्ण झाली होती, त्यामुळे कायद्याचं नाव घेऊनही अडवता येत नव्हतं. पोहे झाले, नाव-गाव-शिक्षण विचारून झालं. मग रीतीप्रमाणे मुलाचे काका म्हणाले, "पोरी, तुला काई इचारायचं हाय का?" यावर नकारार्थी मान हलवायची असते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तिनं विचारलं, "लग्नानंतर मला शिकू देणार का?"

कळवतो म्हणून पाहुणे उठले, ते उठलेच. पोरगी तोंडाळ आहे, असं गावभर झालं. तिचे वडील स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, "म्याडम, तुमी तिला उलट बोलाया शिकवलं. आता हिला कोण करून घेईल?" प्रश्न विचारणं म्हणजे उलट बोलणं नव्हे, हे मी परोपरीनं सांगितलं, शेवटी भांडलेसुद्धा. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. ती परत वर्गात आली नाही.

परीक्षेच्या तोंडावर तिचं दुसरीकडे लग्न ठरलं. पत्रिका आली, मी गेले. तिच्या आईनं मला हाताला धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं. माझ्यावर तिचा काडीचा राग नव्हता. "म्याडम, ह्या खेपेला पोरीनं लई शहाणपणा केला बघा. काई इचारायचं हाय का म्हणले, तर नुसती मान हलवली." ती माउली खरोखर आनंदात होती. मला मात्र रडू आवरेना.

स्टेजवर जाऊन मी तिला हळूच विचारलं, "परीक्षा देणार ना गं?"

तिनं सासूकडे बघितलं.