वाकळीतला गूळ

रेणापुरात केवळाबाईंची वाकळ नाही असं घर दिवा घेऊन शोधावं लागेल. जुनी लुगडी, विटकी धोतरं, पोरांना आखूड झालेले शर्ट, काहीही आणून टाका. बाई त्यांना धावदोरा घालून अशी वाकळ करतात की ज्या बाईचं लुगडं तिलाच ते ओळखू येत नाही. मोंढ्यातले व्यापारी आणि लातूरची हौशी मंडळी यांच्याकडून त्या रोकडा पैसे घेतात. गावातला कारागीर आला की मात्र अदलाबदल. कुंभाराचा रांजण, बुरडाचं सूप, शिंप्याकडचं परकर-पोलकं, सगळं वाकळीवर आलेलं. पैसे दिले की फिटलं, आणि फिटलं की तुटलं, असं त्यांचं म्हणणं.

वाकळ पुरी होताना शेवटच्या कोपऱ्यात बाई घास घालत. वाकळीचं पोट भरलेलं असलं की पांघरणारा उपाशी निजत नाही, ही सासूची शिकवण. पण घासातही भेद होता. पैसे मोजणाऱ्याच्या वाकळीत जोंधळ्याचे चार दाणे, अदलाबदलवाल्याच्या वाकळीत हरभऱ्याएवढा गूळ. हे गावाला ठाऊक होतं, आणि आपल्या कोपऱ्यात गूळ आहे याची लोकांना ऐटही होती.

यंदा बाईंच्या लेकीला, सृष्टीला, मुलगी झाली. बारसं माहेरीच ठरलं. सृष्टीच्या सासूबाई, लातूरच्या कापडदुकानवाल्या नीलाबाई, यांनी फोनवर कळवून टाकलं की पाळणा आम्हीच आणू. बटण दाबलं की आपोआप हलतो आणि गाणीही म्हणतो. केवळाबाईंना ते असं झोंबलं की पाळणा आमच्याकडं तयार आहे, असं त्या ठासून सांगून बसल्या. घरात साधी पाळण्याची दोरीसुद्धा नव्हती.

त्या तडक साहेबराव सुतारांकडे गेल्या. साहेबराव म्हणजे बाईंच्या नवऱ्याचे, किशनरावांचे, लहानपणापासूनचे दोस्त. सागवानी पाळण्याच्या बदल्यात जोडाची, दोघं निजतील एवढी वाकळ ठरली. बाईंनी ती जीव ओतून शिवली, पण मन खात होतं. पाळण्यापुढं वाकळ हलकी पडत होती, हे न कळायला त्या काही दुधखुळ्या नव्हत्या. शेवटी कोपरा शिवताना त्यांनी तोड काढली. हरभऱ्याएवढ्या खड्याच्या जागी लिंबाएवढा गूळ आत सारला.

पुढं व्हायचं तेच झालं. साहेबरावांचे नवे व्याही शिरूर अनंतपाळहून पहिल्यांदाच पाहुणे आले. जेवण झालं, मानानं नवी वाकळ अंथरली, व्याही आडवे झाले. जरा डोळा लागतो न लागतो तोच ते सदरा झटकत अंगणात नाचू लागले. लाल मुंग्यांची अख्खी वरात वाकळीतून निघाली होती. साहेबरावांच्या सुनेनं तोंडाला पदर लावून आत धूम ठोकली.

साहेबरावांनी किशनरावांच्या खांद्यावर वाकळ परत धाडली आणि पाळण्याचं मग बघू, असा निरोप दिला. किशनरावांनाही वाटेत मुंग्या चावल्या, तरी ते हसतच घरी आले. बाईंना त्याचाच जास्त राग आला.

बारसं तोंडावर आलेलं. नीलाबाईंसमोर खोटं पडणं बाईंना परवडणारं नव्हतं. त्यांनी वाकळ धुतली, कडक उन्हात वाळवली आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं, शिवलेला कोपरा उसवला. मुंग्यांची परीक्षा पुन्हा नको म्हणून आत जोंधळ्याचे चार दाणे घातले आणि सुताराचं घर गाठलं.

पाळणा पडवीत तयार उभा होता, दांड्यांना पॉलिशसुद्धा झालेलं. तो पाहून बाईंना भरून आलं.

"साहेबरावभाऊ, माझीच चूक हाय. वाकळ हलकी वाटली म्हणून गूळ वाढवला," त्या म्हणाल्या.

साहेबराव मिशीत हसले. व्याह्यांचा नाच आठवून त्यांनाही आता गंमत वाटत होती. सवयीनं त्यांनी वाकळीचा कोपरा चिमटीत धरून चाचपला. आत दाणे लागले आणि त्यांचं हसू मावळलं.

"वहिनी, मुंग्याचं म्या हसण्यावारी नेलं असतं. पण तुम्ही तर मला गिऱ्हाईकच करून टाकलं." त्यांनी वाकळ बाजूला ठेवली. "पाळणा न्या. ही वाकळ मला नगं."

इतक्या वर्षांत स्वतःच्या रीतीचा मार बाईंना पहिल्यांदा बसला होता. त्या लाकडाच्या भुश्शावरच बसल्या, पदराला टोचलेली सुई काढली आणि साहेबरावांच्या सुनेकडं गूळ मागितला. कोपरा पुन्हा उसवला. खडा साहेबरावांनीच फोडला, तळहातावर मापून हरभऱ्याएवढा दिला, आणि बाईंनी तो दाण्यांच्या जागी ठेवून टाके घातले.

तेवढ्यात किशनराव छोटा हत्ती टेम्पो घेऊन आले. दोघांनी पाळणा वर चढवला. साहेबराव हात झटकत बाईंकडे वळले.

"मंग, फिटलं का आता?"

"न्हाई," बाई दाताखाली दोरा तोडत म्हणाल्या. "तुमच्या व्याह्यांची वाकळ राहिली की."

"ती करा," साहेबराव म्हणाले, "पण तिच्यात जोंधळेच घाला."