वंदना चुकली तर गोळी बंद

माझी बायको नशेची दुश्मन होती. गावात मोहाची दारू निघायची तेव्हा बायांना घेऊन तिनंच मडकी फोडली होती. आम्ही बौद्ध माणसं. विहारात पंचशील सगळेच म्हणतात, पण पाचवं शील, नशेपासून दूर राहायचं, ते ती असं म्हणायची की शेजारचा माणूस आपसूक खाली पाहायचा. मी तर पाहायचोच.

जिल्हा फुटला तेव्हा तिचं माहेर गोंदियात गेलं आणि सासर भंडाऱ्यात राहिलं. भांडण झालं की म्हणायची, "मी आपल्या जिल्ह्यात चालली जाईन, तुमी बसा आपल्या जिल्ह्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत." गेली कधीच नाही.

मग तिच्या पोटात कॅन्सर निघाला. पसरलेला. डॉक्टरीणबाईनं सांगितलं, बरा होणार नाही, पण दुखणं कमी करता येतं. मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या.

"हे कायची गोळी हाये, बाई?" बायकोनं विचारलं.

ती पोरगी खरं बोलणारी होती. म्हणाली, "आजी, ही अफूच्या जातीची दवा आहे. आपल्या मेंदूत कुलपासारख्या जागा असतात. त्यांची किल्ली शरीर स्वतःच बनवतं. माणूस खूप हसला, मायेच्या माणसांत बसला, की ती फिरते. दुखणं हलकं होतं, जीव शांत होतो. तुमचं दुखणं मोठं आहे, घरची किल्ली पुरत नाही. म्हणून ही बाहेरची."

"मंग दारुड्याची बी किल्ली तेथंच लागते का?"

डॉक्टरीणबाई म्हणाली, "दारूचाही हात तिथपर्यंत पोचतो, हो. पण..."

"झालं तर," बायको म्हणाली आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

पुढचं तिनं ऐकलंच नाही, मी ऐकलं. मौजेसाठी घेणं वेगळं, दुखण्यासाठी मापानं घेणं वेगळं. आपल्या मनानं वाढवायची नाही, आपल्या मनानं एकदम बंदही करायची नाही. पोट साफ होणार नाही, त्याची दवा सोबत घ्यायची. घरी येऊन मी सारं सांगितलं. तिचं एकच, "लोकायची मडकी फोडली, अन् आता म्हातारपणी अफू खाऊ?"

दुखणं वाढत गेलं. पदर दातात धरून पडायची. मी म्हटलं, "घे ना वं, कोणाले नाई सांगत."

"चोरून तर दारुडे घेतात," म्हणाली.

तेव्हा मला माझ्याच घरात जायची भीती वाटायची. अंगणातच बसून राहायचो.

एक दिवस माझी भावजय आली, मोठ्या भावाची बायको. दोघी बुद्धवंदनेला बसल्या. बायको मधेच अडकली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच अडकली. अर्ध्या गावाला वंदना शिकवलेली बाई.

भावजयनं सरळ विचारलं, "नशा काहून मना हाये वं?"

"होश जाते म्हणून."

"मंग तुहा होश आता कुठी हाये? दुखण्यानं खाल्ला ना. तू तर बिना पेल्याचीच झिंगून राहिली."

मला वाटलं, आता पेटते. पण बायको हसली. पोट धरून हसली, कळ आली तरी हसली. मग म्हणाली, "आना जी ते गोळी. पण माही शर्त हाये. गोळी घेतल्यावर मी पुरी वंदना म्हणतो. एक शब्द चुकला तर गोळी बंद. वहिनी, तुमी आयका. यायले नोका बसवू, यायले स्वताले येत नाई."

खरंच होतं ते.

गोळी घेतली. भावजयनं चहा मांडला. आम्ही बसून राहिलो. हळूहळू बायकोच्या कपाळावरची आठी सुटली. मग ती भिंतीला टेकून बसली, हात जोडले आणि सुरू केलं. अडकायची जागा आली तेव्हा भावजयच्या हातातला कप तसाच राहिला. ती जागा गेली. पाचवं शीलही तिनं आवाज न उतरवता म्हटलं. शेवटपर्यंत म्हटलं.

"चुकली का?"

"कायची चुकते, माय!" भावजय म्हणाली आणि रडायला लागली.

"मंग संध्याकाळची बी काढून ठेवा," बायको मला म्हणाली.

धान कापायच्या आधी ती गेली. जाताना शुद्धीत होती. उरलेल्या गोळ्या मी लगेच दवाखान्यात परत नेऊन दिल्या. घरात ठेवायच्या नव्हत्या. काहून, ते मला माहीत आहे. दुखणं आता माझ्या अंगात आलं होतं. जेवण गिळवत नाही, माणसांत बसवत नाही, मग घरची किल्ली फिरणार कशी.

पण गोळीमुळं तिला जायच्या आधीचा तो पावसाळा मिळाला. रोवणा सुरू झाला तेव्हा मी तिची खाट बैलबंडीत टाकून शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेली. चिखलात वाकून धान रोवणाऱ्या बायांवर ती तिथून ओरडायची, "अवं, सरळ रोवा, साप चालला का हा?" बाया उलटून म्हणायच्या, "ये ना मंग खाली, महाराणी!" मग त्या गाणं उचलायच्या. तिचा आवाज आता बारीक झाला होता, पोचायचा नाही. तर बाया तिच्या ओळीपुरत्या गप्प राहायच्या. ती ओळ म्हणून झाली की मग त्यांचे हात पुन्हा चिखलात जायचे.