मंजण्णाच्या मागे चार सायकली

हे बघा, आधी तो चहा संपवा. कारण मी जे सांगणार आहे ते ऐकताना माझ्या नणंदेला असा ठसका लागला होता की शेजारचे धावत आले होते. आणि हसायचं असेल तर मोकळेपणाने हसा. मी आता निर्ढावले आहे.

तर मी मूळची पुण्याची, वय वर्षं चव्वेचाळीस. नोकरीसाठी बंगळुरात आले, हेब्बाळला राहते आणि दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून देते. माझ्या चुका मात्र मला न शोधताच सापडतात. गेल्या वर्षी डोंगरात सायकल चालवायचं खूळ डोक्यात शिरलं. जाड टायरची सायकल आली, हेल्मेट आलं, आणि मी थेट स्पर्धांच्या अख्ख्या सीझनला नाव घातलं. चार महिने, चार रेस!

पहिल्या रेसमध्ये मी शेवटची आले. चालायचंच, पहिली होती.

दुसऱ्या रेसमध्ये रागीच्या शेतात आडवी झाले. कोपर फुटलं, सायकलचा गिअर वाकला, शेतातल्या बाईंनी हळद लावून दिली.

तिसऱ्या रेसमध्ये... पुन्हा शेवटची. पण हसत!

समीर, म्हणजे नवरा, म्हणाला, "पुढच्या वेळी आपण फक्त इडली खायला जाऊ या का? ते तुला छान जमतं."

झालं! पेटलेच मी. ठरवलं, चौथ्या रेसमध्ये काही झालं तरी प्रल्हादअण्णांच्या पुढे राहायचं.

हे प्रल्हादअण्णा कोण? चिकपेटेत त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. घराणं इथलंच, कित्येक पिढ्यांचं मराठी. वय अठ्ठावन्न, पोट सुटलेलं, आणि तिन्ही रेसमध्ये मला आरामात मागे टाकून गेलेले! वर जाताना म्हणायचे, "स्वल्प दम घ्या हो अक्का, घाई काय?" अशा माणसाचा राग तरी कसा यायचा? पण यायचा.

महिनाभर पहाटे पाचला उठले. गूळ सोडला, तूप सोडलं, ऑफिसची लिफ्टसुद्धा सोडली. आणि रेसच्या दिवशी चमत्कार झाला. पहिल्या चढावर मी अण्णांना मागे टाकलं! तेही मान खाली घालून, एका दमात!

पुढे ओढा लागला. मी जोशात त्यात सायकल घातली आणि चष्म्यावर सगळा चिखल उडाला. पुसायला थांबणार कोण? अण्णा मागे होते ना! काढला चष्मा आणि खुपसला खिशात. आता माझा नंबर आहे साडेचार. म्हणजे झाड हिरवं, माती लाल, एवढंच मला दिसतं.

आणि पुढे दिसला एक नारिंगी ठिपका.

आमच्या रेसचा टी-शर्ट नारिंगीच होता. म्हटलं, अरे वा, म्हणजे आणखी एकाला गाठता येतंय! धरलं त्याला.

नीलगिरीच्या बनात रस्त्याला फाटा फुटला. ठिपका डावीकडे वळला, मीही डावीकडे. मागून हाक आली, "अक्का! ओ अक्का!"

अण्णा! म्हणजे इतके जवळ आले? मी आणखी जोर लावला.

"अक्का, थांबा! अक्काऽऽ!"

थांबते कशाला? तिन्ही वेळा तुम्ही थांबला होतात का? मी मांड्या पेटेपर्यंत पायडल मारलं. तेवढ्यात ठिपक्याने मागे वळून पाहिलं आणि तोही सुसाट सुटला. मला तर स्फुरणच चढलं. म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला घाबरून वेग वाढवतोय!

ते मात्र अगदी खरं होतं. पण का घाबरला, ते ऐका.

बांधावरून, एका तळ्याच्या कडेने, कोंबड्या उडवत आम्ही गेलो. किती? चांगले पाचेक किलोमीटर! शेवटी ठिपका एका घराच्या अंगणात शिरला, सायकल टाकली आणि ओरडत आत पळाला. मी त्याच्या मागोमाग अंगणात. माझ्यामागे अण्णा. अण्णांच्या मागे आणखी दोघे, एकाच ऑफिसातले इंजिनिअर.

मी खिशातून चष्मा काढला, पुसला, घातला.

समोर गोठा. एक गाय. आणि हातात खराटा घेतलेली एक बाई.

तिच्यामागून नारिंगी टी-शर्ट डोकावत होता. हे मंजण्णा. बंगळुरातल्या पीण्या भागात एका कारखान्यात लेथवर काम करतात, रविवारी घरी असतात. त्यांचा रेसशी संबंध इतकाच, की आदल्या दिवशी त्यांनी मार्गावर फिती बांधायला मदत केली होती आणि त्याबद्दल त्यांना टी-शर्ट मिळाला होता.

बाईने मला नखशिखांत न्याहाळलं आणि नवऱ्याला विचारलं, "यार्री इवळु?" म्हणजे ही कोण?

"ननगे गोत्तिल्ल!" मंजण्णा कळवळून म्हणाले. मला माहीत नाही!

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण मी सोसायटीत कानडीच्या वर्गाला जाते ना! मला सांगायचं होतं, की मी चार महिने रेस करते आहे आणि आज चुकून यांच्या मागे आले. श्वास लागलेला. त्यात रेसला कानडीत काय म्हणतात ते आठवेना. तोंडातून बाहेर पडलं ते एवढंच: "नानु... नाल्कु तिंगळिंद... इवर हिंदे!"

मी. चार महिन्यांपासून. यांच्या मागे.

बाईने खराटा उचलला.

"अय्यो, इल्ल इल्ल!" अण्णा सायकलीसकट मध्ये पडले आणि कानडीत भडाभडा बोलत सुटले. बाईचा हात हळूहळू खाली आला. मग ती पदर तोंडाला लावून जी हसायला लागली, ती थांबेचना.

"पण ते पळाले का?" मी विचारलं.

अण्णांनी गोठ्याकडे बोट दाखवलं. छपरावर आमच्या रेसचा भला मोठा फ्लेक्स ताणून बांधला होता! मंजण्णांनी तो कुणाला न विचारता आणला होता आणि त्यांना वाटलं, आम्ही चौघे तो परत न्यायला आलोय.

"आणि तुम्ही का आलात माझ्या मागे?"

"तुम्हाला थांबवायला हो! फिती उजवीकडे होत्या. घसा सुकला ओरडून!"

"आणि तुम्ही दोघे?"

इंजिनिअर म्हणाले, "आम्हाला वाटलं, अंकलना रस्ता माहीत असेल."

बाईने ताक दिलं. एक इंजिनिअर म्हणाला, "आता ऑटो बघू या." मी म्हटलं, "बघा खुशाल. मी रेस पूर्ण करणार." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, ग्लास खाली ठेवला. "सरी," म्हणजे ठीक आहे, "चला."

रस्ता दाखवायला मंजण्णा पुढे निघाले, त्याच नारिंगी टी-शर्टमध्ये, घंटी वाजवत. आमची सायकल कुठे, त्यांची कुठे! कॅरिअरवाली, लोखंडी, गिअर नसलेली. तरी पहिल्या चढावर ते दिसेनासे झाले. मग अण्णा गेले. मग दोघे इंजिनिअरही, "सॉरी मॅम" म्हणत गेले. पायात गोळे आले होते, पण मी उतरले नाही. एकदाही नाही, हं!

पोहोचले तेव्हा मांडव सोडत होते. माइकवरून कुणीतरी आनंदाने ओरडत होतं, "हरवलेले चारही जण सापडले!" रेषेपलीकडे चार जण पदकं घालून उभे होते. अण्णा, दोघे इंजिनिअर आणि लाजून चूर झालेले मंजण्णा.

मी रेष ओलांडली. वही घेतलेल्या मुलीने माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, पण आमचे सगळे आले..."

"लिहा," मी म्हटलं. "मी आलेय ना? मग लिहा!"

तिने लिहिलं. निकालाचा तो कागद मी जपून ठेवलाय. स्पर्धेत चाळीस जण होते. मी एकेचाळिसावी आले.