वेगळं म्हणजे किती वेगळं?

घटस्फोटाच्या तारखेला मी नवा ड्रेस घातला होता. मोरपंखी, कडेला जर. मम्मी म्हणाली, "अगं, कोर्टात चाललीयस की हळदीला?" म्हटलं, "कोर्टातच चाललेय, आणि खुशीत चाललेय. तुला काय प्रॉब्लेम आहे?" रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, पण रडू वगैरे काही नाही हां. शाळेची सहल असली की आदल्या रात्री झोप यायची नाही, तसं झालं होतं. सहा महिने या तारखेची वाट बघत होते मी.

आमची डिलाईल रोडची चाळ. मधून लांबच लांब पॅसेज आणि दोन्ही अंगांना खोल्या. आमच्या खोलीच्या तिरक्यात समोर काकीची खोली. काकी म्हणजे शेजारची काकी, जिच्या मांडीवर मी लहानाची मोठी झाले. तिचा मुलगा आधी माझा मित्र, मग माझा नवरा. पांढरी साडी नेसून, त्रिशरण-पंचशील म्हणून आमचं लग्न लागलं आणि मी सासरी गेले, म्हणजे पॅसेज ओलांडला. पाठवणीच्या वेळी मम्मी रडायला लागली तर बायका म्हणाल्या, "रडतेस काय गो, दार उघडं ठेव, दिसेल."

लग्नानंतर काकीला आई म्हणायचं ठरलं. ते काही जमेना! जन्मापासूनची सवय, तोंडातून 'काकी'च निघायचं आणि सगळी खोली हसायची. एकदा तापात पडले होते, तेव्हा पाणी मागताना आपोआप 'आई' निघालं. त्यानंतर पुन्हा काकी कधी म्हटलं नाही.

नवऱ्याशी मात्र जमलं नाही. मित्र म्हणून आमचं एकदम झकास होतं. नवरा-बायको म्हणून रोज ठिणगी. तो व्हिडिओ एडिटिंग करायचा, रात्रभर लॅपटॉप. मी परळच्या हॉस्पिटलात रिपोर्टच्या काउंटरवर, सकाळी लवकर ड्यूटी. लोक म्हणाले, खोली लहान म्हणून भांडतात. छे! बंगला असता तरी आम्ही भांडलोच असतो. त्याला वाटायचं मी बदलावं, मला वाटायचं त्याने. दोघंही दमलो. एका रविवारी मी माझी उशी काखेत मारली आणि पॅसेज ओलांडून परत मम्मीकडे आले. चाळीत सगळ्यांचा एकच प्रश्न, "दुसरं कोण आहे?" कोणी नाही रे बाबा! दुसरं कोणी असल्याशिवाय माणसाचं बिनसूच शकत नाही का?

माझं म्हणणं साधं होतं. मला नवऱ्यापासून सुटायचं होतं, त्याच्या आईपासून नाही. उशी घेऊन मी परत आले त्या दिवशीही ती संध्याकाळी वाटी घेऊन सरळ आमच्या खोलीत आली. "कालवण केलंय, खा." बस्स. आमच्या पॅसेजमध्ये दार कोणी वाजवत नाही. दार वाजवतात ते मतं मागणारे, मीटर बघणारे आणि कुरिअरवाले. बाकीचे थेट आत. ती तशीच येत राहिली. फक्त जाताना दारात थांबून म्हणायची, "होईल गो बाय नीट." मी उत्तर द्यायचे नाही. हे तेवढं एक आमच्यात न बोलता राहिलं होतं.

वकीलबाई दादरच्या. माझ्याच वयाच्या, बोलायला चटपटीत. पहिल्याच दिवशी त्यांनी अर्जाचा मसुदा पुढे केला, वर ठळक अक्षरांत 'हिंदू विवाह कायदा'. माझं डोकंच फिरलं. "आम्ही बौद्ध आहोत! लग्नात पंचशील म्हटलं आणि घटस्फोट हिंदू घेऊ? मला नको असला घटस्फोट!" खुर्ची मागे सरकवून मी उभीसुद्धा राहिले. नवरा शेजारी बसून खालमानेने हसत होता, त्याचाही राग आला. वकीलबाई म्हणाल्या, "बसा ताई. नाव हिंदू असलं तरी त्या कायद्यात बौद्ध, जैन, शीख सगळे धरलेत. हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं आणि दर वेळी असंच उभं राहून विचारतं." मी बसले, पण तोंड वाकडं करूनच.

त्यानंतर मात्र मला त्या प्रश्नांची चटकच लागली. दोष कोणाचा ते सिद्ध करावं लागतं का? दोघांच्या संमतीने असेल तर नाही, दोष कोणाचाच नाही. कोणाचाच नाही! आईशप्पथ, मी तिथे टाळी वाजवली. चाळीत दोन वर्षं लोक चूक माझी की त्याची याचा निकाल लावत बसले होते आणि इथे कायदा म्हणतोय, गरजच नाही. मन बदललं तर? शेवटचा जबाब होईपर्यंत दोघांपैकी कोणीही माघार घेऊ शकतं. पोटगी? मी कमावते, मला नको, तसं अर्जात लिहून द्यायचं. आडनाव? ठेवायचं की बदलायचं, तुमची मर्जी. मी रोज नवीन प्रश्न घेऊन फोन करायचे. पुढे पुढे चाळीतल्या बायका मला नळावर गाठायला लागल्या. माझ्या बहिणीचं असं आहे, माझ्या नणंदेचं तसं आहे. मी ठसक्यात सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "माझ्या भरवशावर राहू नकोस गं, वकिलाला विचार."

एका प्रश्नाला मात्र वकीलबाईंचंच पेन थांबलं. "वर्षभर तरी वेगळे राहिलेले असायला हवेत. राहिलात?" आम्ही दोघं एका सुरात, "हो!" "पत्ते सांगा." सांगितले. चाळ तीच, मजला तोच, फक्त खोलीचा नंबर वेगळा. त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "हरकत नाही. वेगळं राहणं म्हणजे गाव वेगळं, घर वेगळं असं नाही. नवरा-बायको म्हणून एकत्र नांदत नाही, म्हणजे वेगळं. एका छपराखालीही वेगळं राहता येतं. पण ते कोर्टाला पटलं पाहिजे. तेव्हा त्या दिवशी जरा अंतर ठेवून वागा, प्लीज."

आता आमचं बघा. कोर्ट वांद्र्याला. आम्ही दोघं आणि आई, तिघं एका टॅक्सीत. वेगवेगळं जायचं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. एकाच चाळीतून एकाच ठिकाणी जाताना दोन टॅक्स्या कोण करतं? तो पुढे, आम्ही मागे. आईच्या मांडीवर कापडी पिशवी. तो मागे वळून म्हणाला, "मस्त दिसतेयस रे." म्हटलं, "गप ए, नजर लावशील डिव्होर्सला!" टॅक्सीवाला आरशातून बघत राहिला.

कोर्टातली बाकीची जोडपी पॅसेजच्या दोन टोकांना, मध्ये वकील. आणि आम्ही तिघं एका बाकावर चिकटून. माझे पाय एका जागी ठरत नव्हते. दर दोन मिनिटांनी उठून बोर्ड बघून येत होते. आई म्हणाली, "बस गो. सकाळपासून पोटात काही नाय तुझ्या." तिने पिशवीतून डबा काढला. तांदळाची भाकरी आणि सुकट. झाकण उघडलं आणि आख्ख्या फॅमिली कोर्टात सुकटीचा वास! एक वकील नाकाला रुमाल लावून गेला, मला हसू आवरेना. आईने भाकरी मोडून एक तुकडा आपल्या मुलाच्या हातात दिला, एक माझ्या. डबा मध्ये. त्याची बाही डब्यात बुडणार म्हणून मी न बघताच ती वर सारली. मान वर केली तर समोर दारात कोर्टाच्या काउन्सेलर मॅडम उभ्या. जजसाहेबांच्या आधी यांची खात्री पटावी लागते. त्यांनी आमची नावं पुकारली.

केबिनमध्ये त्यांनी अर्ज पुढ्यात ठेवला. वयस्क बाई, आवाज मऊ, पण नजर अशी की माणूस गाळून घेईल. "अर्जात म्हणता वेगळे राहता. पत्ता एका मजल्यावरचा. एका टॅक्सीतून उतरलात, ते मी खिडकीतून पाहिलं. आता एका डब्यातून जेवत होतात, त्यांची बाही तुम्ही सावरलीत. मला सांगा, तुम्हाला खरंच घटस्फोट हवाय की कोणाचा दबाव आहे?"

"मॅडम, चाळीत सगळे असेच जेवतात!" मी ओरडलेच. तो म्हणाला, "अगं हळू," आणि त्याने माझ्या दंडावर हात ठेवला. झालं! मॅडमनी त्या हाताकडे पाहिलं. मी हात झटकला, तर तेही नवरा-बायकोच्या भांडणासारखंच दिसलं असणार. "मला खात्री वाटत नसेल तर मी तसा अहवाल देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "आणखी दोन-तीन बैठका घेऊ. मग बघू." म्हणजे पुन्हा तारीख, पुन्हा वाट, पुन्हा नळावरच्या चौकशा. माझा मोरपंखी ड्रेस मलाच टोचायला लागला.

"बाहेर डबा घेऊन बसल्यात त्या कोण?"

"आई," मी म्हटलं.

"तुमची?"

तो म्हणाला, "माझी." मॅडमनी तिला आत बोलावलं.

आई आली, "जयभीम मॅडम" म्हणाली आणि उभीच राहिली. हाताला सुकटीचं तिखट तसंच होतं. मॅडमनी सरळ विचारलं, "ही दोघं नवरा-बायकोसारखी एकत्र राहतात का?" एक शब्द, 'हो' म्हणाली की खलास. आणि तिला तेच तर हवं होतं. रोज दारात थांबून तेच तर म्हणायची ती.

तिने पदराला हात पुसले. बराच वेळ पुसले.

"नाय मॅडम," ती म्हणाली. "ही मम्मीकडं असते, हा माझ्याकडं. दोन वर्षं झाली. माझ्या घरात येते ती माझ्याशी बोलायला येते. ह्याच्याशी बोलते ते शेजाऱ्याशी बोलावं तसं. नवरा-बायको नाय राहिली ती." मग थांबली, आणि म्हणाली, "डबा मी मुद्दाम आनला. एकाच डब्यात तिघांचं भरलं. म्हटलं, कोर्टातल्या बाईंच्या नजरेला पडेल, त्या म्हणतील, जा घरी. तसंच झालं बघा. पण आता तुम्ही तोंडावर विचारलंत. रोज सकाळी पंचशील म्हनते मी. खोटं बोलनार नाय, असं रोज कबूल करते. मग तुमच्यापुढं कशी बोलू?"

मला रडू फुटलं. सकाळपासून नाचणारी मी, लहान पोरीसारखी हमसून रडले. त्याचेही डोळे भरले होते, पण या वेळी त्याने हात पुढे केला नाही. मॅडमनी आईला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग आम्हा दोघांना एकेकट्याला विचारलं आणि अहवाल दिला.

दुपारी जजसाहेबांसमोर उभे राहिलो. स्वखुशीने? हो. विचार केलाय? हो. झालं! आमच्या नळावर नंबर लागायला याहून जास्त वेळ लागतो. बाहेर येऊन आम्ही दोघांनी अशी टाळी दिली की शिपाई दचकला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो मला पुन्हा माझा जुना दोस्त वाटला. वकीलबाई हसत म्हणाल्या, "अभिनंदन म्हणू की नको, कळत नाही बाई तुमच्याकडे." म्हटलं, "म्हणा, बिनधास्त म्हणा!"

तेव्हा आई पुढे आली. डबा झाकून पिशवीत ठेवला होता तिने. "मॅडम, एक विचारू? आता मी हिची कोन?"

सहा महिने माझ्या प्रत्येक प्रश्नाला फटाफट उत्तर देणाऱ्या वकीलबाई अडखळल्या. "कायद्याने म्हणाल तर... कोणी नाही, काकी."

"बरं," आई म्हणाली आणि पिशवीचे बंद नीट करत राहिली. मला त्या कायद्याचा असा संताप आला! परतीच्या टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी मनात एकच घोकत होते. आता हिला काय म्हणायचं? पुन्हा काकी? दोन-तीनदा ओठांवर आणूनही बघितलं.

संध्याकाळी आमच्या खोलीत नुसता गोंधळ. मम्मीने शिरा केला होता, शेजारच्या बायका जमल्या होत्या, मी कोर्टाची नक्कल करून दाखवत होते. तेवढ्यात दार वाजलं. टक टक. मम्मी म्हणाली, "आता कुठली इलेक्शन आली? बघ गं."

दार उघडंच होतं. उंबऱ्याच्या बाहेर आई उभी होती. एका हातात झाकलेली वाटी आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने ती उघडं दार वाजवत होती.

"येऊ का?" तिने विचारलं.

या बाईने मला जन्मात कधी हे विचारलं नव्हतं. मग मी असा आवाज लावला की पॅसेजच्या पार टोकाला माणसं बाहेर आली.

"दार काय वाजवतेस आई! आत ये ना!"

ती आत आली, वाटी ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "डब्यातली सुकट उरलीय. कोर्टात कोनी धड जेवलंच नाय."