तळ्याचं रेशनकार्ड

अलिबागहून आलेल्या त्या कॉम्प्युटरवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. पण सर्व्हरच्या खोलीबाहेर त्याने देवळात शिरताना काढाव्यात तशा चपला काढल्या, ते अजून आठवतं.

आमच्या श्रीवर्धनच्या ऑफिसात मेल अडकत होत्या. शिमग्याच्या रजेचा माझा अर्ज पलीकडच्या टेबलावरच्या साहेबांना दोन दिवस पोचत नव्हता, आणि तोंडी सांगितलेली रजा साहेबांना ऐकूच येत नसे. तिकडे तळ्याला, माझ्या गावी, आमच्या घरी परवा पालखी यायची होती.

त्याने चहा नाकारला. मशीनला दोन बोटांनी थोपटलं. "कुठला रं बाबा तू?" मग पडद्यावर बोट ठेवून वाचता वाचता एकदम हसला.

"हे मशीन कुठनं आणलंत?"

"तळ्याची शाखा बंद झाली, तेव्हा टेम्पोतून आणलं."

"व्हय ना! बिऱ्हाड आणलंत, रेशनकार्ड तळ्याचंच ऱ्हायलं. प्रत्येक मेलचा पत्ता हे अजून तळ्याला विचारतंय. तिथं उत्तर द्यायला कोणी न्हाय, म्हणून वाट बघत बसतंय."

त्याने पडद्यावरच्या यादीत मशीनचं गाव बदलून श्रीवर्धन केलं आणि मगच चहा मागितला. चहा यायच्या आत माझा अर्ज साहेबांना पोचला. त्याने चहा बशीत ओतेपर्यंत उत्तरही आलं: रजा नामंजूर.

"बघा, कसं धावतंय!" तो खुशीत म्हणाला.

मी हळूच म्हटलं, "त्याचं कार्ड परत तळ्याचं करा हो. माझंही अजून तिथलंच आहे."