मावशींचा पावशेर

इस्लापूरकडच्या आमच्या दवाखान्यातल्या मावशी प्रत्येक बाळाचं वजन पावशेर कमी सांगायच्या. काटा मी बघायची, कार्डावर मी लिहायची आणि बाहेर ओट्यावर बसलेल्या बाळंतिणीच्या सासूला सांगायला त्या जायच्या. जुन्या बायांना किलोचा भरवसा नसे, शेरात सांगा म्हणायच्या.

तशा मावशी मापाच्या पक्क्या. औषधाचे पाच मिली त्या ‘टोपणातल्या दुसऱ्या रेघेपर्यंत’ असे सांगत. लसीची तारीख आठवडी बाजारावर, ‘सहा बाजार झाले की या.’ एकही बाई चुकायची नाही. मग वजनातच ही गडबड का? मी तेव्हा नवी, राग नाकावर. एकदा चांगलंच झापलं त्यांना.

त्या शांतपणे म्हणाल्या, “काटा लेकरासाठी हाय, सिस्टर. माझं माप सासूसाठी हाय. पोरगं भरलंय म्हणलं की बाळंतिणीची भाकर कमी करत्यात.”

मला काही पटलं नाही. नोंद म्हणजे नोंद, असला माझा खाक्या.

मग रेखा आली. पहिलटकरीण, अंगावर मांस म्हणून नाही. बाळ मात्र दोन किलो आठशे, म्हणजे चांगलं तीन शेर. मावशींनी बाहेर पावणेतीन सांगितलं.

आठव्या दिवशी तिची सासू कार्ड नाचवत हजर. शेजारच्या मास्तरांनी हिशेब करून दिला होता. “सिस्टरबाई, ह्यात तीन शेर हाय म्हणं. मावशी पावणेतीन म्हणली. आठ दिस झाले, हिला तूप खाऊ घालून राहिले मी. खरं काय ते सांगा.”

रेखा तिच्या मागे बाळ घेऊन उभी होती. बांगड्या पार कोपरापर्यंत घसरलेल्या. मावशी झाडू हातात धरून तशाच थांबल्या. मी कार्ड घेतलं. अक्षर माझं, सही माझी.

“माझंच चुकलं,” मी म्हणाले, “घाईत जास्त लिहिलं. पावणेतीनच आहे. तूप बंद करू नका.”

“शिकलेल्या बाया अन् हे असं,” पुटपुटत सासू सुनेला घेऊन निघून गेली. मावशींनी दुप्पट साखर घालून चहा आणला. फार जीव होता माझा त्या बाईवर.

पुढे निवृत्त झाल्यावर नांदेडला लेकाकडे मावशी वारल्या, तेव्हा मी ड्यूटीवर होते. फोन ठेवला आणि ओट्यावरच्या सासूला बाळाचं वजन सांगायला गेले. आवाज नीट ठेवून पावशेर कमी सांगितलं. मग आत येऊन खूप रडले.