माठाच्या गळ्यापाशी

आमच्या भाडेकरू मास्तरासारखा बिनकामाच्या गोष्टीसाठी जीव टाकणारा माणूस मी चंद्रपुरात दुसरा पाहिला नाही. गाव आरमोरीकडचं. कॉलेजात गणित शिकवायचा, पण मी मास्तरच म्हणायची. वीज केंद्राची धुराडी नवीन होती, तेव्हा तो आमच्या पुढच्या खोलीत राहायला आला. स्टोव्हवर भाजी जळायची आणि हा कवडशातली धूळ बघत उभा. एकदा एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट घालून कॉलेजात गेला आणि तसाच परत आला. पण खरा नाद माझ्या माठाचा. खराट्याची काडी मोडायची, चिंचोके फेकून दिशा ठरवायची, काडी माठाच्या पोटाला लावायची. टोक माठाला टेकलं तर खडूचा ठिपका, हवेत राहिलं तर काडी अंगणात.

"मास्तर, माहा खराटा संपला. अंगण आता तुह्या गणितानं झाडू काय?"

"थांबा ना बाई, काम होऊन राह्यलं."

"काम होऊन राह्यलं का कचरा होऊन राह्यला?"

मग त्यानं समजावलं. "हवेतला कण कसाई भटकते. तो घडीघडीले माठावरच सापडला पाह्यजे, अशी अट घालाची. घडी लहान लहान करत नेली का तो माठ सोडतच नाई. मंग तो अगदी माठावरच जन्मलेल्या कणासारखा फिरते, सगळ्या वाटा त्याले सारख्याच. कोणत्याई आकारावर असंच होते, हे मले सिद्ध कराचं हाय."

"त्यानं काय होते?"

"डिग्री भेटते. नोकरी पक्की होते."

हे मात्र मला पटलं. तरी माठाच्या गळ्याला मी त्याला हात लावू दिला नाही. खडू प्यायच्या पाण्यात पडला असता. त्याचं सगळं काम पोटावरच झालं. प्रबंध नागपूरला गेला, तिथल्या मोठ्या सरांना आवडला.

उन्हाळा संपला. माठ जुना झाला, पाणी थंड होईना, म्हणून मी तो त्यालाच देऊन टाकला. आता गळाही मोकळा झाला. मास्तर तिथे ठिपके मांडायचा, पुसायचा, पुन्हा मांडायचा. जेवणही धड करेना. शेवटी मीच विचारलं.

"पोटावर वाकण, म्हंजे गोलाई, सगळीकडं सारखं हाय, बाई, म्हणून हिशेब जमला. गळ्यापाशी ते बदलते. तिथं काही वाटा जड पडतात, काही हलक्या. मी लिवलं ते चुकलं."

"नागपूरवाल्याले समजलं काय?"

"नाई."

"मंग गप राह्य. गळ्यापाशी कोण पाहाले जाते?"

"मी पाह्यलो ना, बाई."

सकाळच्या बसनं नागपूरला गेला आणि प्रबंध स्वतः मागे घेऊन आला. त्याच्या जागेवर कॉलेजानं दुसरा माणूस घेतला. मी त्याला येडा म्हटलं. तो कपड्यांच्या घड्या घालत बसला.

सामान न्यायला त्याचा बाप आला. पेटी दारात ठेवून मला हळूच विचारलं, "बाई, पोरानं काही वाईट केलं काय?"

"नाई भाऊ. खोटं चालवून घेतलं नाई, बस."

"मंग ठीक हाय," म्हणाला आणि पेटी डोक्यावर घेतली.

आता मास्तर डोंगरातल्या जिवतीकडे एका शाळेत आहे, असं ऐकते. तिकडून कोणी आलं की मी विचारते. म्हणतात, पोरांना पाढे शिकवतो, शाळा सुटल्यावर एकटाच टेकडीवर बसून असतो. त्याचं माठाचं काम पुरं झालं का, हे त्यांना सांगता येत नाही, आणि मलाही नीट विचारता येत नाही.